सुटे जावा क्लास (मिश्रभाषी प्रोजेक्टमधला वापर)

एखादा प्रोजेक्ट कोटलिन, स्काला, ग्रूव्ही नाहीतर क्लोजर अशा, जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालणाऱ्या भाषेत चाललेला असतो आणि त्यातच काही फायली साध्या जावात असतात, कुठल्या फ्रेमवर्कला न बांधलेल्या, आपल्यापुरतं काम करणाऱ्या. अशा क्लासना इथे सुटे जावा क्लास म्हटलंय. ते ठेवायची कारणं सगळ्यांच्या परिचयाची आहेत: आधीपासून नीट चालणारा कोड, प्रिमिटिव्ह अ‍ॅरेवरचं वेगाचं काम, किंवा बाहेरच्या जावावाल्यांनी वापरायचा इंटरफेस. क्लोजरचंच घ्या, त्याचे व्हेक्टर आणि हॅशमॅप ज्या क्लासवर उभे आहेत ते आजही जावातच आहेत. असा क्लास दुसऱ्या भाषेतून बोलवायचा कसा हे त्या त्या भाषेच्या पहिल्या धड्यात असतं, त्यामुळे ते इथे सांगत नाही. खरी गुंतागुंत दोन कंपाइलर एकाच मॉड्यूलवर बसवताना होते.

पाया: हे सगळं जमतं कारण जावाच्या व्हर्च्युअल मशीनला जावा भाषा ठाऊकच नाही, तिला फक्त क्लास फाइल, म्हणजे कंपाइल होऊन निघालेला बाइटकोड, कळते. सुरुवातीला हेक्समध्ये कॅफेबेब असं वाचता येणारे चार बाइट, मग आवृत्तीचा आकडा, मग बाकीचं. टिम लिंडहोम आणि फ्रँक येलिन यांनी लिहिलेल्या या मशीनच्या स्पेसिफिकेशनच्या पहिल्याच आवृत्तीत पुढेमागे इतर भाषांसाठी मशीनमध्ये मर्यादित भर घालायचा विचार नोंदवलेला होता, प्रत्यक्षात तशी ठळक भर इन्व्होकडायनॅमिक (कुठली मेथड बोलवायची ते चालताना ठरवू देणारी सूचना) या रूपाने २०११ ला जावा ७ मध्ये आली. व्यवहारात जास्त नडतो तो आवृत्तीचा आकडा. जावा ८ चा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१, २१ चा ६५. सुटा क्लास १७ साठी कंपाइल झाला आणि सर्व्हरवर ११ असेल तर बिल्ड व्यवस्थित होऊनही चालवताना अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर येते. म्हणून दोन्ही कंपाइलरचं टार्गेट एकच ठेवायचं, ग्रेडल या बिल्ड टूलसाठीचं कोटलिनचं प्लगइन हल्ली हे स्वतःच तपासतं आणि जुळलं नाही तर बिल्ड थांबवतं.

मिश्र प्रोजेक्टची सुरुवात कुठून धरायची: यावर एकमत होणं अवघड आहे, कारण मिश्र कशाला म्हणायचं त्यावर उत्तर बदलतं. आधीच कंपाइल झालेला जावा क्लास दुसऱ्या भाषेतून वापरला की झालं, एवढंच धरलं तर पेर बॉथनर यांची कावा (स्कीम भाषेचं जावा मशीनवरचं रूप) साधारण १९९६ ची आणि जिम ह्यूगनिन यांचं जेपायथन, म्हणजे पुढचं जायथन (पायथनचं तसंच रूप), १९९७ च्या आसपासचं, इतकं मागे जाता येतं. पण दोन्ही भाषांचा सोर्स एकाच मॉड्यूलमध्ये, आणि जावा क्लास ग्रूव्हीवर तर ग्रूव्ही क्लास उलट जावावर अवलंबून, तरी एका बिल्डमध्ये दोन्ही तयार, अशी कसोटी लावली तर मग ग्रूव्ही १.५ (२००७ अखेर) आणि स्काला २.७.२ (२००८) ही नावं पुढे येतात. ही दुसरी कसोटी जास्त योग्य वाटते, कारण पहिल्या प्रकारात जावा क्लास म्हणजे नुसती एक लायब्ररी असते आणि प्रोजेक्ट मिश्र झाला असं म्हणायला फारसा आधार उरत नाही.

एकत्र कंपाइल करणं: अडचण अशी की जावासीला, म्हणजे जावाच्या कंपाइलरला, ग्रूव्ही वाचता येत नाही, आणि ग्रूव्ही क्लास आधी तयार करावेत तर त्यांना अजून न झालेले जावा क्लास लागतात. ग्रूव्हीने यावर स्टबचा मार्ग काढला. प्रत्येक ग्रूव्ही क्लासचा आतून रिकामा, फक्त मेथडच्या सह्या (सिग्नेचर, म्हणजे नाव आणि टाइप) असलेला जावा सोर्स तात्पुरता तयार करायचा, त्याच्यासोबत खरे जावा क्लास जावासीकडून करून घ्यायचे आणि शेवटी खरे ग्रूव्ही क्लास कंपाइल करायचे. स्कालाने वेगळा रस्ता धरला, त्याच्या कंपाइलरला जावाचं पार्सिंग शिकवलं. तो जावा फायलींमधले क्लास, फील्ड, मेथड एवढंच बघतो, मेथडच्या आतलं सोडून देतो, बाइटकोड फक्त स्कालाचा काढतो आणि मग तो क्लासपाथवर (क्लास जिथे शोधले जातात त्या जागांच्या यादीत) ठेवून जावासी चालतो. एसबीटी या स्कालाच्या बिल्ड टूलमध्ये हा क्रम बदलताही येतो: मिक्स्ड, आधी जावा, आधी स्काला. अवलंबन एकाच दिशेचं असेल तर क्रम ठरवून टाकावा, काम सोपं होतं. २०१६ ला १.० झालेल्या कोटलिनने स्कालासारखाच मार्ग घेतला. क्लोजरमध्ये हा प्रकारच नाही, तिथे आधी जावा, मग क्लोजर, आणि उलट दिशा हवी असेल तर जेन-क्लास, म्हणजे क्लोजर कोडमधून जावाला वापरता येईल असा क्लास तयार करायची सोय.

दोन्ही मार्गांचं मोल एकाच ठिकाणी चुकवावं लागतं: कंपाइल होताना जन्माला येणारा कोड समोरच्याला दिसत नाही. जावा क्लासवर लोम्बॉक (ठरावीक मेथड आपोआप घालणारी लायब्ररी) लावलं असेल तर गेटर, म्हणजे फील्ड वाचायच्या मेथड, सोर्समध्ये नसतात, ते जावासी चालताना येतात, आणि कोटलिनने तर त्याआधीच सोर्स वाचलेला असतो, मग अनरिझॉल्व्ह्ड रेफरन्स ही एरर. ग्रूव्हीत हेच उलट दिशेने होतं, एएसटी ट्रान्सफॉर्मेशनने (कंपाइल होताना कोडच्या रचनेत केलेल्या बदलाने) घातलेल्या काही मेथड स्टबमध्ये येत नाहीत. कोटलिनमध्ये १.५.२० पासून लोम्बॉकसाठी प्रायोगिक प्लगइन आलं, पण असे क्लास वेगळ्या जावा मॉड्यूलमध्ये काढून त्याचा जार (कंपाइल झालेल्या क्लासची एकत्र फाइल) घेणं हाच जास्त टिकाऊ उपाय आहे.

फोल्डर आणि पॅकेज: ग्रेडलमध्ये ग्रूव्ही आणि स्कालाच्या फोल्डरात जावा फाइल ठेवली तरी ती कंपाइल होते, कोटलिनच्या फोल्डरात ठेवली तर होत नाही. कोटलिन कंपाइलर तिच्यातल्या सह्या वाचून पुढे जातो, जावासी त्या फोल्डरात बघतच नाही, आणि चालवताना क्लास सापडत नाही. मेव्हन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये कोटलिनचा टप्पा जावाच्या आधी यावा लागतो. दुसरं, सुटा क्लास घाईत पॅकेजशिवाय लिहिला असेल तर पॅकेज असलेल्या कोडमधून तो इंपोर्ट करता येत नाही, जावा १.४ पासून जावासी तसा इंपोर्ट नाकारतो, त्यामुळे वरती एक पॅकेजची ओळ घालणं भागच आहे.

सीमेवरचे फरक: कोटलिनला जावा मेथडकडून येणारी व्हॅल्यू नल असेल की नाही हे कळत नाही, म्हणून ती प्लॅटफॉर्म टाइप धरली जाते आणि तपासणी आपल्यावर येते. जावा क्लासवर नलेबल-नॉननल अ‍ॅनोटेशन लावली की हा प्रश्न बराच मिटतो, त्यांचं सामायिक रूप जेस्पेसिफाय १.० म्हणून २०२४ ला आलं. चेक्ड एक्सेप्शन (मेथडने जाहीर करावीच लागणारी एक्सेप्शन) जावासीच बघतो, मशीन बघत नाही. त्यामुळे कोटलिन मेथडवर थ्रोज अ‍ॅनोटेशन नसेल तर जावाकडून ते एक्सेप्शन कॅच करायला गेलं की कंपाइलरच अडवतो.

मशीनबाहेरच्या भाषा: सी आणि सी++ साठी जेएनआय (जावा नेटिव्ह इंटरफेस) १९९७ च्या जेडीके १.१ पासून आहे. त्यात क्लासचं नाव टिंबांऐवजी तिरप्या रेघांनी द्यावं लागतं, आणि नेटिव्ह कोडने स्वतः सुरू केलेल्या थ्रेडमधून क्लास शोधला तर सिस्टीमचा क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा भाग) वापरला जातो, त्यामुळे अँड्रॉइडवर अ‍ॅपचे स्वतःचेच क्लास सापडत नाहीत. पायथनमध्ये जेपाइप ही लायब्ररी जावाचं मशीन त्याच प्रोसेसमध्ये चालवते तर पाय४जे सॉकेटवरून बोलतं, पायस्पार्क (स्पार्कचं पायथन रूप) पाय४जेवरच उभं आहे आणि तिथे आपला जार जावाच्या बाजूच्या क्लासपाथवर असावा लागतो. जेपाइपमध्ये एकदा बंद केलेलं मशीन त्याच प्रोसेसमध्ये परत सुरू होत नाही, म्हणून टेस्ट लिहिताना ते सुरुवातीला एकदाच चालू करून शेवटपर्यंत तसंच ठेवतात.