इंडिकेटर लागत नाही? आधी अर्थिंग बघा

पहिले दोन-चार पाऊस झाले, की जुन्या ट्रकचे इंडिकेटर रुसायला लागतात. माळव्याची काळी माती चाकांवरून उडून मागच्या दिव्यांच्या फटींत बसते आणि ओल धरून ठेवते. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर अशी गाडी लागली, की आधी बल्ब बदलला जातो, मग फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी. दोष मात्र बऱ्याचदा भलतीकडेच असतो. बल्बातून बाहेर पडलेला प्रवाह ज्या वाटेनं बॅटरीकडे परततो, ती वाटच, म्हणजे अर्थिंग, खराब झालेली असते.

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवतात. दिव्यापर्यंत वायर जाते. परतीचं काम बहुधा चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, लोखंडच करतं. २१ वॉटच्या बल्बातून साधारण ०.९ अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे पेटलेल्या फिलामेंटचा रोध सुमारे २७ ओहम. दिव्याच्या बोल्टखाली गंज चढून नुसता ५ ओहमचा रोध वाढला, तरी साडेतीन व्होल्टच्या आसपास तिथेच खर्ची पडतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्यानं घसरतो. व्होल्टेज १५ टक्क्यांनी उतरलं, की उजेड जेमतेम निम्म्यावर येतो. भर दुपारी मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो दिसणारच नाही, आणि म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

अर्थिंग पूर्ण सुटली तर गंमतच होते: इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेल लॅम्प मंद लुकलुकतो. प्रवाहाला चासी सापडत नाही, मग तो टेल लॅम्पच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसऱ्या दिव्यांच्या अर्थिंगनं परततो. हे लक्षण दिसलं, की बल्बला हात लावूच नका.

तपासताना जोड सलग असल्याचं सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नये. कित्येक मीटर ३०-४० ओहमपर्यंत बीप देतात, त्यामुळे वरचा ५ ओहमचा दोष त्यांना कळतच नाही. दिवा पेटलेला असतानाच मोजायचं. लुकलुकत्या दिव्यावर आकडा उड्या मारतो, म्हणून फ्लॅशर काढून त्याच्या बी (बॅटरी) आणि एल (दिवा) या टोकांच्या वायरी फ्यूज लावलेल्या वायरच्या तुकड्यानं जोडा आणि इंडिकेटर लावा. दिवा स्थिर पेटेल. आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्ब होल्डरच्या धातूला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तो सांधा उघडावाच लागेल.

याच जोडणीत दिवे नीट पेटले, पण फ्लॅशर परत बसवल्यावर लुकलुकत नसतील, तर फ्लॅशर गेला किंवा त्याची ई (अर्थिंगची) वायर सुटली. जुन्या दोन टोकांच्या फ्लॅशरमध्ये बल्बांच्या प्रवाहानं तापून वाकणारी पट्टी असते. एक बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नाही, लुकलुक मंदावते किंवा थांबते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतो: बल्ब गेल्याची खूण म्हणून तो मुद्दाम घाई करतो. साधारण वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा.

हॅझर्ड (सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकवणारा) चालतो पण इंडिकेटर नाही, असं असेल तर फ्यूज आणि हॅझर्डचं बटण बघा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा प्रवाह बंद हॅझर्ड बटणाच्या कॉन्टॅक्टमधूनच जातो. बटण दहा-पंधरा वेळा दाबून सोडलं, की मळलेला कॉन्टॅक्ट कधीकधी जागा होतो, पण तेवढ्यापुरताच. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं ताबडतोब बंद करावं. शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी वायरिंग पेटतं.

दुरुस्ती नीट करायची तर बोल्टभोवतीचा रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला आणि होल्डरपासून चासीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढा. टोकाला लग, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, क्रिंप करा (पकडीनं दाबून बसवा). नुसती पिळून टेप मारलेली वायर पुढच्या पावसात हिरवी पडते. व्हॅसलीन बोल्ट घट्ट केल्यावर वरून लावायचं.

एलईडी बसवणाऱ्यांनी फ्लॅशरही एलईडीचाच घ्यावा. जुना फ्लॅशर कमी प्रवाह बघून बल्ब गेला असंच समजतो. लोड रेझिस्टरनं काम भागतं, पण तो बल्बइतकेच वॉट उष्णतेत उधळतो आणि चटका बसेल इतका तापतो. म्हणून तो लोखंडावरच कसावा, वायरीच्या जुडग्यापासून आणि लाकडी बॉडीपासून लांब.