मेंढी पैदासकार संघ, लांब लोकरीच्या जातींचे

लांब, चकाकदार व मोठ्या लहरींची लोकर देणाऱ्या मेंढ्यांच्या एखाद्या जातीची वंशावळ नोंदविणारी, जातीची लक्षणे ठरविणारी आणि त्यांनुसार पैदाशीचे एडके मान्य वा अमान्य करणारी पैदासकारांची सभासद-संस्था. लिंकन लाँगवूल, लेस्टर लाँगवूल, कॉट्सवोल्ड, वेन्सलीडेल, टीझवॉटर, डेव्हन अँड कॉर्नवॉल लाँगवूल या इंग्लंडमधील जातींचे असे स्वतंत्र संघ आहेत. त्यांचे मुख्य साधन म्हणजे ‘कळपनोंद’ हे छापील वा आता संगणकीय पुस्तक. संघ हा आधीपासून असलेल्या जातीची केवळ राखण करतो, असे मानण्याचा प्रघात आहे. तथापि जातीची सीमा प्रत्यक्षात संघाच्या नोंदणी नियमांनीच आखली जाते. त्यामुळे या संस्थांचा इतिहास हा त्या जातींच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

उगम : बहुतेक संदर्भग्रंथ ही परंपरा रॉबर्ट बेकवेल (१७२५–९५) यांच्यापासून सुरू करतात. लेस्टरशरमधील लाफबरोजवळच्या डिशली ग्रेंज या शेतावर त्यांनी जुन्या लेस्टर मेंढीपासून लवकर वाढणारी, अंगाने भरलेली व हाडाने बारीक अशी ‘न्यू लेस्टर’ किंवा ‘डिशली’ मेंढी तयार केली. जवळच्या नात्यातील नर-माद्यांचा संयोग आणि एडके न विकता हंगामापुरते भाड्याने देणे, ही त्यांच्या पद्धतीची दोन अंगे होती. पहिल्या अंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरे निदान तितकेच महत्त्वाचे आहे. भाड्याने गेलेल्या एडक्याची कोकरे अनेक कळपांत पाहता येत आणि ज्याची संतती सरस ठरे तो एडका परत घरच्या कळपात वापरता येई. आज ज्याला संततिपरीक्षण म्हणतात, त्याचे हे आरंभीचे रूप होय. भाड्याच्या रकमाही लहान नव्हत्या. पुढील काळातील लेखकांनी दिलेल्या आकड्यांनुसार १७८९ च्या हंगामात बेकवेल यांना तीन एडक्यांचे मिळून १,२०० गिनी (जुने इंग्रजी सोन्याचे नाणे) मिळाले. हे आकडे ऐकीव माहितीवर आधारलेले असण्याचा संभव आहे, परंतु भाडे असाधारण होते याबद्दल दुमत नाही.

बेकवेल व त्यांच्या भोवतीच्या पैदासकारांनी मिळून ‘डिशली सोसायटी’ स्थापन केली. तिच्या स्थापनेचे वर्ष काही लेखक १७८३ देतात, तर काही त्या दशकाच्या अखेरीस नेतात. आधी अनौपचारिक गट जमला व लेखी नियम काही वर्षांनी झाले, असे मानल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. या सोसायटीला जगातील पहिला पैदासकार संघ म्हणावे काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिचे नियम भाड्याची किमान रक्कम, एडके दाखविण्याच्या तारखा आणि ते कोणाला द्यावेत वा देऊ नयेत यांविषयी होते. वंशावळीचे पुस्तक तिने काढले नाही. स्वतः बेकवेल यांनीही आपल्या संकरांची माहिती गुप्तच ठेवली. त्यामुळे डिशली सोसायटी ही व्यापारी हितसंबंध जपणारी मंडळी होती व नोंदणी संघाची ती पूर्वज असली, तरी पहिला नमुना नव्हे, हे मत येथे स्वीकारले आहे. छापील वंशावळीची कल्पना मेंढीकडे घोडा व गाय यांच्याकडून आली. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची ‘जनरल स्टड बुक’ १७९१ मध्ये आणि शॉर्टहॉर्न गुरांची कोट्स यांची नोंदवही १८२२ मध्ये निघाली. मेंढीसाठी तसे पुस्तक होण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

संघांची स्थापना : लांब लोकरीच्या मेंढ्यांची सर्वांत जुनी नोंदणी संस्था इंग्लंडबाहेर निघाली. अमेरिकेतील कॉट्सवोल्ड मेंढ्यांची नोंद १८७८ पासून सुरू झाली. ब्रिटनमधील पहिला मेंढी पैदासकार संघ १८८२ चा, पण तो श्रॉपशर या आखूड लोकरीच्या जातीचा. त्यानंतर १८९०–९३ या काळात वेन्सलीडेल, कॉट्सवोल्ड, लिंकन व लेस्टर या चारही जातींचे संघ पाठोपाठ उभे राहिले.

हे सर्व एकाच वेळी का घडले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले घरच्या बाजाराचे. यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड या लोकर-उद्योगाच्या शहरातील गिरण्यांत विंचरलेल्या लांब धाग्याच्या चकचकीत कापडाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोठी मागणी होती. १८७० नंतर मऊ, सैल पडणाऱ्या कापडाची चाल आली व लांब लोकरीचा भाव उतरला, तेव्हा पैदासकार स्वसंरक्षणार्थ एकत्र आले, असे म्हटले जाते. दुसरे स्पष्टीकरण निर्यातीचे आहे. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मेरिनो या बारीक लोकरीच्या जातीच्या कळपांवर सोडण्यासाठी लिंकन एडक्यांची मोठी खरेदी होत होती. न्यूझीलंडमधील कॉरिडेल ही जात जेम्स लिटल यांनी याच लिंकन-मेरिनो संकरातून घडविली. समुद्रापार माल न पाहता घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कागद लागतो. शिवाय अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने पैदाशीसाठी आणलेली शुद्ध जातीची जनावरे जकातमुक्त केली, पण त्या जातीच्या नोंदपुस्तकात नाव असल्याची अट घातली. तारखांची सांगड पाहता दुसरे कारण अधिक जोरकस ठरते.

कळपनोंदीचे स्वरूप : ब्रिटिश मेंढी संघांच्या पुस्तकाला ‘कळपाचे पुस्तक’ म्हणतात व ते नाव नेमके आहे. प्रारंभीच्या खंडांत एडके तेवढे नावानिशी व क्रमांकानिशी येत. माद्यांची नोंद कळपागणिक केवळ संख्येने होई. अमुक पैदासकाराचा कळप, त्यात इतक्या माद्या, वापरलेले एडके हे, असे तिचे रूप असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या कुळवह्यांत जसा पुरुषांचा वंश नावागणिक लागतो आणि माहेरची बाजू तुटक राहते, तसेच हे होते. अमेरिकी संस्थांनी मात्र प्रत्येक जनावर, नर असो वा मादी, स्वतंत्र क्रमांकाने नोंदविण्याची रीत धरली. परिणामी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कळपांची मातृपरंपरा आज एकेका मेंढीपर्यंत मागे नेता येत नाही. ‘अखंड शुद्ध वंश’ या दाव्याचा अर्थ त्या काळापुरता ‘नोंदलेल्या एडक्यांखालील, तपासलेला कळप’ एवढाच घ्यावा लागतो.

वेन्सलीडेलचा प्रश्न : याचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तर यॉर्कशरमधील वेन्सलीडेल मेंढीचे आहे. परंपरेनुसार ही सबंध जात ‘ब्लूकॅप’ नावाच्या एकाच एडक्यापासून निघाली. तो १८३९ मध्ये बीडेलजवळच्या ईस्ट ॲपलटन येथे जन्मला. बाप ‘सॉन्सी’ नावाचा डिशली लेस्टर व आई ‘मग’ या स्थानिक लांब लोकरीच्या, जुन्या टीझवॉटर वळणाच्या मेंढ्यांपैकी होती. ब्लूकॅपच्या डोक्याची व कानांची कातडी गडद निळसर होती, लोकर अप्रतिम होती आणि दुसऱ्या कातरणीच्या वयात त्याचे वजन ४४८ पौंड (सु. २०३ किग्रॅ.) भरले, असे सांगतात. जातीला ‘वेन्सलीडेल’ हे नाव १८७६ च्या सुमारास प्रदर्शनातील वर्गाच्या गरजेतून मिळाले.

हा वृत्तांत जवळजवळ सर्व संदर्भग्रंथांनी उचलला आहे. त्यात ब्लूकॅपचे अस्तित्व व त्याचा प्रभाव संशयास्पद नाहीत. परंतु त्याचा जन्म आणि पहिली कळपनोंद यांत सु. ५० वर्षांचे अंतर आहे. मधला दुवा पैदासकारांची स्मरणशक्ती, विक्रीच्या याद्या व खाजगी वह्या यांनीच जोडला गेला असावा. दुसरे असे की निळसर चेहरा बॉर्डर लेस्टरच्या काही वाणांतही दिसे व त्यांच्या निवडीतून पुढे ब्लूफेस्ड लेस्टर ही वेगळी जात झाली. तेव्हा हा रंग म्हणजे एकाच एडक्याची सही, असे समजणे धोक्याचे आहे. ब्लूकॅप हा प्रमुख पूर्वज, एकमेव नव्हे, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

या जातीच्या नोंदणीसाठी १८९० च्या सुमारास दोन प्रतिस्पर्धी संघ निघाले. एकाच्या नावात ‘लाँगवूल’ तर दुसऱ्याच्या नावात ‘ब्लूफेस्ड’ हे विशेषण होते. लोकर आणि चेहरा यांपैकी कशाला जातीची खूण मानावी, हा भेद नावांतच उमटला आहे. १९२० मध्ये दोन्हींचे एकीकरण झाले आणि ‘लाँगवूल’ हे नाव टिकले. टीझवॉटरचा संघ मात्र १९४९ पर्यंत निघालाच नाही. वेन्सलीडेल व टीझवॉटर या दोहोंचे एडके स्वेलडेल, डेल्सब्रेड यांसारख्या डोंगरी माद्यांवर सोडून ‘मॅशम’ ही संकरित मेंढी मिळविली जाते. या संकराच्या मागणीनेच दोन्ही जाती दीर्घकाळ तगल्या.

कामकाज : सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी, एक चिटणीस आणि काही मान्यताप्राप्त तपासनीस एवढ्यावर लहान संघ चालतो, बरेचसे काम बिनपगारी असते. सभासदाच्या कळपाला एक ठरावीक नाव मिळते व ते त्याच्या प्रत्येक जनावराच्या नावाआधी लागते. कोकरे झाल्यावर जन्मनोंदी व कानातील बिल्ल्यांचे क्रमांक चिटणिसाकडे जातात. एडक्याची नोंद बहुधा प्रत्यक्ष तपासणीनंतरच होते : जबड्याची ठेवण, पाय, अंडकोश, चेहऱ्याचा रंग आणि मुख्य म्हणजे लोकर. खांद्यापासून मांडीपर्यंत ती एकसारखी हवी, तिच्यात कुसळासारखे ठिसूळ केस नसावेत. वेन्सलीडेलची वर्षाची लोकर २० ते ३० सेंमी. लांब भरते, त्यामुळे एवढासा दोषही विंचरणीत उघडा पडतो. वार्षिक प्रदर्शन व विक्री (वेन्सलीडेलच्या बाबतीत स्किप्टन येथे) हा संघाच्या वर्षाचा मुख्य प्रसंग असतो. युरोपीय संघाच्या २०१६/१०१२ या विनियमाने ‘पैदास संस्था’ व ‘पैदास कार्यक्रम’ यांच्या कायदेशीर व्याख्या दिल्या. तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला आणि ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावरही त्याचा गाभा तेथे टिकला.

पांढऱ्या लांब लोकरीच्या कळपांत अधूनमधून काळे कोकरू जन्मते. हा गुण अप्रभावी (आई व बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असून तो अंगी दडलेल्या, म्हणजे वाहक, अशा दोन पांढऱ्या जनावरांच्या संयोगात दर चारांत एक अशी त्याची संभाव्यता असते. जुन्या काळी अशी कोकरे नोंदीबाहेर ठेवून प्रश्न मिटला असे समजत. वास्तविक पांढऱ्या वाहकांतून तो गुण पुढे चालूच राही. हातकताई करणाऱ्यांत रंगीत लोकरीची आवड वाढल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस वेन्सलीडेलसह काही संघांनी रंगीत मेंढ्यांची वेगळी नोंद उघडली. हा बदल उशिरा झाला, पण योग्यच झाला.

संख्या व अंतःप्रजनन : दुसऱ्या महायुद्धानंतर या जातींची संख्या झपाट्याने घटली, १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट’च्या यादीत त्यांपैकी अनेक आल्या. अशा वेळी संघापुढचा खरा प्रश्न माद्यांच्या संख्येचा नसून एडक्यांच्या संख्येचा असतो. आनुवंशिकीत ‘परिणामी लोकसंख्या’, म्हणजे वैविध्याच्या दृष्टीने जातीची खरी भरणारी संख्या, ढोबळमानाने ४ × नर × माद्या ÷ (नर + माद्या) या सूत्राने काढतात. १० एडके व ४०० माद्या असलेल्या जातीची परिणामी लोकसंख्या केवळ ३९ येते, तर २० एडके व २०० माद्या असल्यास ती सु. ७३ होते, म्हणजे एकूण जनावरे निम्म्याच्या आसपास असूनही परिणामी लोकसंख्या जवळजवळ दुप्पट. सामान्यतः ५० ही किमान पातळी मानली जाते. तपासनिसाने चेहऱ्याच्या छटेसाठी किंवा कानाच्या ठेवणीसाठी एडका नाकारला, तर लक्षणांची शुद्धता राखली जाते आणि वैविध्य मात्र घटते. दुर्मीळ जातीत किरकोळ दोषांपुरती तपासणी सैल ठेवावी, हे मत बळावत आहे आणि त्याला वरील गणिताचा भक्कम आधार आहे. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये सुरू झालेल्या, स्क्रेपी या मेंढ्यांच्या मज्जासंस्थेच्या प्राणघातक रोगाविषयीच्या योजनेतही हाच पेच दिसला. रोगाला प्रतिकार करणारे जनुक असलेल्या एडक्यांवरच भर दिल्यास लहान जातींचा पाया अरुंद होण्याची भीती होती. त्याच वर्षीच्या लाळ्या-खुरकताच्या साथीत जनावरांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली आणि गोठविलेल्या वीर्याचे साठे करण्याच्या कामाला वेग आला.

नोंद बंद (केवळ नोंदलेल्या आईबापांची संतती घेणारी) ठेवावी की उघडी (संकरातून वाढविलेलीही घेणारी), याचे वेगळे उत्तर उत्तर अमेरिकेत सापडते. तेथे वेन्सलीडेलची जिवंत आयात न करता विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधील गोठविलेले वीर्य आणले गेले आणि लिंकन, लेस्टर लाँगवूल व कॉट्सवोल्ड माद्यांवर पिढ्यानपिढ्या वापरले गेले. वेन्सलीडेल रक्ताचा अंश ५०, ७५, ८७·५, ९३·७५ असा चढत जातो आणि पाचव्या पिढीत तो सु. ९६·९ टक्के होतो. लेस्टर लाँगवूलच्या बाबतीत कलोनियल विल्यम्सबर्ग या संस्थेने १९९० मध्ये टास्मानियातून जिवंत कळपच आणला.

भारत : लांब लोकरीच्या इंग्रज जाती भारतात शुद्ध स्वरूपात रुजल्या नाहीत. त्यांचे रक्त आले ते मुख्यतः कॉरिडेलमार्फत. हिस्सार येथील केंद्रीय मेंढी पैदास केंद्रात ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने ही जात ठेवण्यात आली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या उपयोगाची असून ती या वर्गात येत नाही. भारतात जातीला मान्यता कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या (स्थापना १९८४) प्रक्रियेतून मिळते व ती संपूर्ण जातीला मिळते, एकेका कळपाला नव्हे. धनगर कळपांतील एडक्यांची निवड व देवघेव आजही प्रामुख्याने तोंडी परंपरेने चालते.