टाचेला न कळलेला काटा

निपाणीच्या माझ्या मावशीने चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडी घालून, वर सूप घेऊन, दिवसभर. जमिनीला टेकून टेकून तिच्या डाव्या घोट्याच्या हाडावर चामड्यासारखा काळा घट्टा पडला आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून नातीने विचारलं, तर म्हणाली, ‘‘काय की गं, कळलंच नाही बघ मला.’’ आणि हीच बाई पान कुठे विरलंय ते आजही न बघता, नुसत्या बोटांनी सांगते.

एकाच अंगावर एवढा फरक कसा? १८३४ मध्ये अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवून ती दोन वाटतात की एकच, हे अंगभर तपासलं. बोटाच्या शेंड्याला दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही उमगतं. तळपायाला साधारण दोन सेंटिमीटर लागतं, पाठीला चारच्या आसपास. केसांच्या आकड्याची टोकं फाकवून घरी हे करून बघा, पाठीवर भल्याभल्यांची फसगत होते.

वय वाढतं तसे कातडीतले स्पर्श टिपणारे सूक्ष्म कण विरळ होत जातात. पोटा-पाठीपेक्षा हातापायांचं नुकसान जास्त, आणि हातांपेक्षा पायांचं. पायाकडे जाणारे मज्जातंतू शरीरात सगळ्यांत लांब, त्यामुळे झीज आधी तिथे दिसते. त्यात मधुमेह असेल तर ती आणखी लवकर. घट्टा म्हणजे मेलेल्या पेशींचा थर, तो खालच्या मज्जातंतूंपर्यंत स्पर्श नीट पोचू देत नाही.

‘बायकांची कातडी नाजूक’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. सरासरीने बायकांना बारीक स्पर्श जास्त चांगला कळतो, हे खरं आहे. पण २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटांचं मापही घेतलं आणि गुपित तिथे निघालं. आकाराने लहान असलेल्या बोटात स्पर्श टिपणारे हे कण दाटीने बसलेले असावेत. सारख्या मापाच्या बोटांत बाई आणि पुरुष असा फरक उरला नाही. पुरुषांची कातडी जाड असते, तळपायाच्या मोजणीत बायका बऱ्याचदा थोड्या सरस ठरतात. पण वय, घट्टा आणि साखर यांनी पडणाऱ्या फरकापुढे हा फरक मला किरकोळ वाटतो. सासरा असो की सासू, सत्तरीनंतर दोघांच्याही टाचा बघायला हव्यात.

कारण टाच, घोटा, खुबा, माकडहाड इथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस फारच थोडं. बारीक केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. वरून त्याहून जास्त दाब बराच वेळ राहिला की रक्त अडतं. मुंग्या आल्या की आपण कूस बदलतो, झोपेतसुद्धा. ती खबरच पोचली नाही तर माणूस तसाच पडून राहतो आणि जखम होते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं की, पायाचं मांस आपोआप सडत नाही. बधिर पायावर रोज पडणारा दाब त्याला मारतो.

दवाखान्यात नायलॉनचा एक तंतू तळपायाला टेकवतात. १० ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो. डोळे मिटून तो कळला नाही तर पाय धोक्यात आहे असं समजतात. दोन मिनिटांचं काम.

मावशीने दिवाळीला नवी कोल्हापुरी घेतली. नवी चप्पल चावतेच, पण मावशी काही बोलली नाही. गोऱ्या पायावर लाली दिसली असती, सावळ्या पायावर ती लपते. त्या जागेची ऊब आणि टणकपणा हाताने बघावा लागतो. म्हणून आता रात्री अंथरुणावर बसून ती स्वतःच टाच चाचपते. परवा नातीला हाक मारून म्हणाली, ‘‘इथं जरा गरम लागतंय बघ.’’