लाइव्हनेस आणि रेडीनेस: दोन्हींना एकच तपासणी लावू नका

सांगली-साताऱ्यातल्या पोरांच्या कुबरनेटीस (कंटेनर, म्हणजे ॲपचे सुटे डबे, चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) फायली चाळताना एक गोष्ट हमखास दिसते. लाइव्हनेस प्रोब (कंटेनर जिवंत आहे का) आणि रेडीनेस प्रोब (तो काम घ्यायला तयार आहे का), ठरावीक वेळाने विचारल्या जाणाऱ्या या दोन्ही प्रश्नांसमोर तीच हेल्थ तपासणी. वरचं कॉपी करून खाली चिकटवलेलं. याचा मला मनापासून वैताग आहे.

रेडीनेस सगळ्यांना कळतो: कंटेनर तयार नसेल तर त्याच्याकडे ट्रॅफिक जात नाही, तयार झाला की पुन्हा सुरू. लाइव्हनेस नापास झाला, तर मात्र क्युबलेट, म्हणजे प्रत्येक मशीनवर कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीसचा प्रोग्राम, कंटेनर मारतो आणि पुन्हा चालू करतो. घोळ इथेच होतो.

ऑगस्टमधली एखादी रात्र घ्या. कोयनेचा विसर्ग वाढलाय, आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 च्या धोका पातळीकडे निघालीय, आणि अख्खी सांगली पाणीपातळीचं तुमचं पान रिफ्रेश करतेय. डेटाबेसवर ताण येऊन क्वेरीला दोन-दोन सेकंद लागतायत. तुमची हेल्थ तपासणी डेटाबेसला विचारून उत्तर देते, आणि प्रोबचा टाइमआउट, तुम्ही बदलला नसेल तर, 1 सेकंद. दर 10 सेकंदांनी एक तपासणी, सलग 3 नापास. म्हणजे अर्ध्या मिनिटात सगळे कंटेनर मारले जातात, त्यातला एकही बिघडलेला नसताना! उठल्यावर प्रत्येक जण नवी कनेक्शनं उघडतो, मेमरीतली कॅशे (हाताशी जपून ठेवलेली उत्तरं) रिकामी, सगळा भार परत डेटाबेसवर. तो आणखी मंदावतो, पुन्हा सगळे नापास. पुढे रीस्टार्टमधलं अंतर 10, 20, 40 सेकंद असं 5 मिनिटांपर्यंत वाढत जातं, त्यामुळे डेटाबेस सावरला तरी पान बंदच. रोग रेड्याला, औषध पखालीला.

स्वतःचा सांभाळ स्वतः करणाऱ्या यंत्रणांची कल्पना आयबीएमने 2001 मध्ये मांडली. रीस्टार्ट करणं तेव्हाही अवघड नव्हतं. बिघाड आपल्यात आहे की आपण ज्याच्यावर अवलंबून आहोत त्याच्यात, हे यंत्रणेला कळणं अवघड आहे, आणि एकच तपासणी दोन्हीकडे लावून आपण नेमका तोच फरक पुसून टाकतो.

लाइव्हनेसने एवढंच विचारावं: ही प्रोसेस रीस्टार्टशिवाय सुटणारच नाही अशी अडकलीय का? डेडलॉक, म्हणजे आतली कामं एकमेकांची वाट पाहत कायमची थांबणं, वगैरे. डेटाबेस, पेमेंट गेटवे, दुसऱ्याची सेवा यांतलं काहीही तिथे नको. बाहेरचं पाहायचंच तर रेडीनेसमध्ये, तेही जपून, कारण डेटाबेस सगळ्यांचा एकच असेल तर सगळे कंटेनर एकदमच बाजूला होतात. त्यापेक्षा दहा मिनिटांपूर्वीची पातळी वेळेसकट दाखवलीत, तर पुराच्या रात्री लोकांना ती जास्त उपयोगी पडेल.

सावकाश उठणाऱ्या जावा ॲपसाठी स्टार्टअप प्रोब आहे (तो पास होईपर्यंत बाकीचे दोन्ही थांबतात), तो वापरा. आणि लाइव्हनेसमध्ये काय तपासायचं हे ठरत नसेल तर तो लावूच नका. प्रोसेस कोसळली, तर क्युबलेट ती तशीही उठवतो.