उजवा मेंदू कलेचा, डावा गणिताचा? नाही हो!

लातूरला अकरावीच्या ॲडमिशनला दरवर्षी ऐकू येतं, लेकरू चित्रं काढतंय म्हणजे उजव्या मेंदूचं, सायन्स झेपायचं नाही. साफ चूक आहे हे. रॉजर स्पेरी या अमेरिकन शास्त्रज्ञानं मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पूल कापलेल्या एपिलेप्सीच्या पेशंटवर काम केलं, १९८१ चं नोबेल मिळालं, अन् लोकांनी तेच ताणून ताणून हे केलं. भाषा बहुतेकांत डावीकडं असते हे खरंय, पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठानं हजारावर लोकांचे स्कॅन तपासले तर अख्खा माणूसच डावा किंवा उजवा असं काही सापडलं नाही. आपला पैठणचा विणकर धागे मोजत मोजत मोर विणतो, त्यात गणित कुठलं अन् कला कुठली, सांगा बरं! स्पेनचा मेंदूशास्त्रज्ञ काहाल, त्याला तर चित्रकारच व्हायचं होतं, त्यानं मायक्रोस्कोपमधून बघून न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या पेशींची, चित्रं हातानं काढली, १९०६ चं नोबेल घेतलं.