जीवाश्म सरीसृपांचे संशोधन : प्रादेशिक संग्रहालये व विद्यापीठे

नामशेष झालेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे अवशेष शोधणे, दगडातून मोकळे करणे, जपणे आणि त्यांचे शास्त्रीय वर्णन करणे या कामात राजधानीबाहेरच्या संग्रहालयांचा व विद्यापीठांचा वाटा सुरुवातीपासून मोठा आहे. डायनोसॉर, समुद्रात राहणारे इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर व मोसासॉर, उडणारे टेरोसॉर, तसेच प्राचीन मगरी, कासवे, सरडे व साप या विषयात येतात. इतिहास सांगताना लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क ही नावे आधी येतात, कारण भव्य सांगाडे तिथल्या दालनांत उभे आहेत. हाडे मात्र खाणीत, कड्यावर नाहीतर शेताच्या बांधावर सापडतात. एकाच टेकडीच्या थरांवर दोन-तीन पिढ्या काम करत राहणे हे बहुधा जवळच्या, मध्यम आकाराच्या संस्थेलाच जमले आहे.

प्रारंभ

नेदरलँड्समधील मास्त्रिख्तजवळच्या चुनखडीच्या भुयारी खाणींत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका प्रचंड जबड्याच्या प्राण्याच्या दोन कवट्या निघाल्या. एक 1784 मध्ये हार्लेम येथील तेलर्स संग्रहालयाने घेतली व ती आजही तिथेच आहे. दुसरी 1794 मध्ये शहर जिंकणाऱ्या फ्रेंच सैन्याने पॅरिसला नेली. कोणी तिला देवमासा म्हणत होते, कोणी मगर. ती सरड्यांच्या कुळातली आहे हे आद्रियान काम्पर याने ओळखले आणि जॉर्ज क्यूव्हिए याने 1808 मध्ये त्याला दुजोरा दिला. मोसासॉरस हे नाव 1822 चे. प्रसिद्धी पॅरिसच्या कवटीच्या वाट्याला आली. मूळ गावच्या अवशेषांनी राजधानीत जाऊन नाव कमवावे, हा प्रघात तेव्हापासून पडला आणि तो पुढे दीड-दोनशे वर्षे चालला.

इंग्लंडमध्ये 1820 च्या दशकात गावोगावी 'फिलॉसॉफिकल सोसायटी' निघाल्या : यॉर्कशायरची 1822 मध्ये, व्हिटबीची आणि ब्रिस्टल इन्स्टिट्यूशन 1823 मध्ये. डॉक्टर, पाद्री, व्यापारी, खाणमालक असे लोक त्यांचे सभासद असत, आणि किनाऱ्यावरच्या कड्यांतून निघणारे सांगाडे आपल्याच गावच्या संग्रहालयात राहावेत यासाठी ते वर्गणी काढत. लाइम रीजिसच्या मेरी अ‍ॅनिंगने काढलेले इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर याच काळातले. सांगाडे तिने काढावेत आणि शोधनिबंधावर नाव दुसऱ्याचे यावे, हे तिच्या बाबतीत नेहमीचेच होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात विल्यम बकलंडने स्टोन्सफिल्डच्या खाणीतल्या हाडांवरून 1824 मध्ये मेगॅलोसॉरसचे वर्णन केले. ब्रिस्टलच्या संग्रहालयाचा अभिरक्षक सॅम्युएल स्टचबरी आणि शल्यवैद्य हेन्री रायली यांनी 1836 मध्ये थेकोडोन्टोसॉरस हे नाव दिले. रिचर्ड ओवेनने 'डायनोसॉर' हा गट 1842 मध्ये मांडला. म्हणजे त्या गटाला नाव मिळण्याआधीच एका प्रांतिक संग्रहालयाने त्यातला एक प्राणी नोंदवून ठेवला होता.

नक्कल आणि अस्सल

ब्रिस्टलची पुढची हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. 24 नोव्हेंबर 1940 च्या हवाई हल्ल्यात तिथल्या संग्रहालयाचा मोठा भाग जळाला आणि सागरी सरीसृपांचे कितीतरी सांगाडे गेले. त्यांत विल्यम सोलस याने 1881 मध्ये वर्णन केलेला चारमथचा एक प्लेसिओसॉर होता. नवी जाती ज्या एका नमुन्यावरून ठरवतात त्याला होलोटाइप म्हणतात, आणि हा सांगाडा होलोटाइप होता. तो नष्ट झाला की जातीचा पुरावाच जातो. पण या सांगाड्याच्या प्लॅस्टर प्रतिकृती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आधीच पोचल्या होत्या. त्यांच्या आधारे 1993 मध्ये रॉबर्ट बॅकर याने त्याला अटेनबरोसॉरस ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट) ठरवले. मूळ हाड एकही शिल्लक नसताना प्रजाती उभी राहिली ती प्लॅस्टरवर.

नेमके उलटेही घडले आहे. डॉनकॅस्टरच्या संग्रहालयात डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचा एक इक्थिओसॉर प्लॅस्टरची प्रतिकृती समजून ठेवलेला होता. 2008 मध्ये डीन लोमॅक्स या तरुण अभ्यासकाने तो बारकाईने पाहिला, तेव्हा तो अस्सल निघाला. जूडी मॅसेअर यांच्यासह त्याने 2015 मध्ये त्याला नवी जाती म्हणून जाहीर केले आणि मेरी अ‍ॅनिंगवरून इक्थिओसॉरस अ‍ॅनिंगी हे नाव दिले. याच दोघांनी 2022 मध्ये लंडनमध्ये बॉम्बखाली गेलेल्या एका इक्थिओसॉरच्या जुन्या प्रतिकृती दाखवून दिल्या, त्या येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात आणि बर्लिनमध्ये पडून होत्या. जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या कपाटांची यादी करणे हे काम कंटाळवाणे मानले जाते. नव्या जाती मात्र उत्खननाइतक्याच या कपाटांतूनही निघतात.

जर्मनी व स्वित्झर्लंड

जर्मनीत विद्या संस्थानिकांच्या आश्रयाने वाढली, त्यामुळे तिथे एकच एक केंद्र कधी झाले नाही. श्टुटगार्ट, ट्युबिंगेन, म्युनिक, बायरॉइट इथे स्वतंत्र संग्रह होते. होल्त्समाडेनच्या पाटीच्या खाणींत बेर्नहार्ड हाउफ याने 1892 मध्ये एका इक्थिओसॉरभोवती उरलेली कातडीची काळसर किनार दगडातून मोकळी केली. पाठीवर उभा पर आणि माशासारखी शेपटी होती हे त्यामुळे कळले. नुसत्या हाडांवरून पाठीचा पर कळलाच नसता, कारण त्यात हाड नसते. हाउफ खाणमालकाचा मुलगा होता. पुढे ट्युबिंगेन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. ट्रोसिंगेनच्या उतारावर प्लॅटिओसॉरस या डायनोसॉरची हाडे 1911 पासून श्टुटगार्टने खणली, 1921–23 मध्ये ट्युबिंगेनच्या फ्रीडरिख फॉन ह्यूने याने, आणि 1932 मध्ये पुन्हा श्टुटगार्टने. ह्यूनेच्या मोहिमेला न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे पैसे होते, त्यामुळे निघालेल्या हाडांची वाटणीही झाली.

चिकाटीचे सर्वांत चांगले उदाहरण झ्युरिक विद्यापीठाचे आहे. स्विस-इटालियन सीमेवरच्या मोंटे सान जोर्जो या डोंगरातल्या शेल या तेलकट काळ्या खडकापासून मलम बनवण्याचा कारखाना होता आणि त्यासाठीच तो खणला जाई. तिथे बेर्नहार्ड पायर याने 1924 मध्ये काम सुरू केले. त्याचा शिष्य एमिल कून-श्नायडर याने 1950 ते 1968 या काळात एकाच जागी थर न् थर उकलत खोदकाम केले. कोणते हाड कोणत्या थरातले याची नोंद तिथे काटेकोर आहे आणि तिची किंमत आज हाडांहून कमी नाही.

पायरच्या हाती लागलेल्या प्राण्यांत टॅनिस्ट्रोफियस सर्वांत विचित्र. याच डोंगराच्या इटालियन बाजूला मिळालेला एक सांगाडा फ्रांचेस्को बास्सानी याने 1886 मध्ये उडणारा सरीसृप म्हणून प्रसिद्ध केला होता. लांब, बारीक, पोकळ हाडे ही पंखाला आधार देणाऱ्या बोटाची असावीत असा त्याचा समज होता, आणि तोवरची माहिती पाहता तो वावगा नव्हता. 1929 मध्ये पायरला पूर्ण सांगाडा मिळाला, तेव्हा ती हाडे मानेचे मणके ठरली. फक्त 13 मणक्यांची मान, पण धड आणि शेपूट यांच्या एकत्रित लांबीच्या जवळपास! बास्सानीचा मूळ नमुना मिलानमध्ये दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. झ्युरिकचे नमुने राहिले, आणि 2020 मध्ये त्यांतल्या एका चेपलेल्या कवटीचे क्ष-किरण छेद घेऊन ती संगणकावर पुन्हा जुळवली गेली. नाकपुड्या मुस्कटाच्या वरच्या बाजूला निघाल्या, म्हणजे प्राणी पाण्यात वावरणारा. लहान आकाराचे सांगाडे पिल्लांचे समजले जात होते. हाडांतल्या वाढीच्या वलयांवरून ते पूर्ण वाढलेल्या, निराळ्या जातीचे ठरले. पायरच्या खोदकामानंतर नव्वद वर्षांनी त्याच संग्रहातून हे निघाले.

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया

अमेरिकेत विद्यापीठे आणि धनिक यांची जोडी जमली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 1905 च्या नेव्हाडा मोहिमेचा खर्च अ‍ॅनी अलेक्झांडर हिने केला. ती स्वतः इक्थिओसॉर खणत होती आणि छावणीतला स्वयंपाकही तिच्या व तिच्या मैत्रिणीच्या गळ्यात होता. या विद्यापीठाचे पुराजीवशास्त्र संग्रहालय 1921 मध्ये तिच्याच देणगीतून उभे राहिले. युटातल्या क्लीव्हलँड-लॉइड खाणीत युटा विद्यापीठाने 1960 च्या दशकात किमान 40 हून अधिक अ‍ॅलोसॉरसची हाडे काढली. जेम्स मॅडसन याचा 1976 चा प्रबंध त्यांवरच आधारलेला आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर अँड्र्यू गेडीस बेन या रस्ते बांधणाऱ्या माणसाला 1838 मध्ये जीवाश्म सापडले. त्याने ते लंडनला धाडले आणि ओवेनने 1845 मध्ये डायसिनोडॉनचे वर्णन केले. देशातच अभ्यास व्हावा यासाठी विटवॉटर्सरँड विद्यापीठात 1945 मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. तिथल्या जेम्स किचिंगची नजर दंतकथेसारखी सांगितली जाते : कारूत डोळे तयार झालेल्या या माणसाने 1970–71 च्या मोसमात अंटार्क्टिकात थ्रिनॅक्सोडॉन शोधला, जो आफ्रिकेतही सापडतो. दोन्ही खंड एकेकाळी जोडलेले होते याला त्याने बळकटी आली. (डायसिनोडॉन, थ्रिनॅक्सोडॉन हे प्राणी पूर्वी 'सस्तनसदृश सरीसृप' म्हणून ओळखले जात. आजच्या वर्गीकरणात ते सरीसृप नव्हेत, सस्तनांच्या शाखेतले आहेत. जुन्या संग्रहांच्या चिठ्ठ्यांवर मात्र अजून जुनेच शब्द दिसतात.)

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड संग्रहालयाने 1924 मध्ये एका जबड्याच्या तुकड्यावरून एका सागरी सरीसृपाला क्रोनोसॉरस हे नाव दिले. मोठा सांगाडा 1931–32 च्या मोहिमेत हार्वर्ड विद्यापीठाने नेला. तो 1959 मध्ये उभा केला तेव्हा त्यात इतके प्लॅस्टर भरले गेले की जाणकार त्याला 'प्लॅस्टरोसॉरस' म्हणू लागले. नंतरच्या अभ्यासात त्याची लांबी जास्त धरली गेल्याचे दिसून आले.

भारत

भारतातली पहिली डायनोसॉरची हाडे 1828 मध्ये जबलपूरला विल्यम स्लीमन याला मिळाली. रिचर्ड लायडेकरने 1877 मध्ये त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस म्हटले. मूळ मणका पुढे हरवला आणि 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातच पुन्हा हाती लागला. फॉन ह्यूने आणि चार्ल्स मॅटली यांचा जबलपूरच्या डायनोसॉरांवरचा ग्रंथ 1933 चा.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले ते एका अनपेक्षित ठिकाणाहून. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावले आणि 1957 मध्ये भूशास्त्र विभाग सुरू झाला. हाडांची मोजमापे हा संख्याशास्त्राचा विषय आहेच, अशी त्यामागची भूमिका. गोदावरी-प्राणहिता खोऱ्यात पोचमपल्लीजवळ विभागाच्या चमूला सुमारे 300 हाडे मिळाली, किमान 6 प्राण्यांची. 1975 मध्ये वर्णन झालेला हा बारापासॉरस टागोरी डायनोसॉर संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर सोहनलाल जैन यांना मिळालेल्या सांगाड्याला 2003 मध्ये संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून इसिसॉरस ही प्रजाती मिळाली. भारतातल्या टायटॅनोसॉरांच्या (लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या) सर्वांत पूर्ण सांगाड्यांपैकी हा एक.

उशिरा उमगलेल्या नमुन्यांची परंपरा इथेही आहे. गुजरातेत धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांशेजारी काही हाडे मिळाली होती. ती एका सापाची आहेत हे 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आले. घरट्यात वेटोळे घातलेला साप, फुटलेले अंडे आणि नुकते बाहेर आलेले पिल्लू असा तो दगड आहे. 2010 मध्ये या सापाचे सनाजेह इंडिकस असे नामकरण झाले. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतले 27 मणके 2005 मध्ये गोळा झाले आणि मगरीचे समजून रुरकीच्या आयआयटीत राहिले. 2024 मध्ये ते वासुकी इंडिकस या 11 ते 15 मीटर लांबीचा अंदाज असलेल्या सापाचे म्हणून प्रसिद्ध झाले.

मालकीचा प्रश्न

अर्जेंटिनात जीवाश्म प्रांताच्या मालकीचे असतात. त्यामुळे प्लाझा विंकुल या तेलविहिरींच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाकडे 1993 मध्ये नाव मिळालेला महाकाय अर्जेंटिनोसॉरस आहे. शेतकरी गियेर्मो एरेदिया याला आपल्या जमिनीत त्याचे पायाचे हाड 1987 मध्ये दिसले, तेव्हा त्याला ते आधी अश्मीभूत लाकूड वाटले होते. ब्राझीलमध्ये 1942 पासून जीवाश्म सरकारी मालकीचे आहेत, तरी सियारा राज्यातल्या आरारिपे खोऱ्यातून ते सर्रास बाहेर जात राहिले. 2020 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे संग्रहालयातल्या एका नमुन्यावरून उबिराजारा हा पिसांसारखी लव असलेला छोटा डायनोसॉर जाहीर झाला आणि ब्राझीलच्या संशोधकांनी समाजमाध्यमांवर आवाज उठवला. निबंध मागे घेतला गेला. जून 2023 मध्ये नमुना ब्राझीलला परतला आणि कारिरी प्रादेशिक विद्यापीठाच्या सांताना दो कारिरी येथील संग्रहालयाकडे, म्हणजे तो ज्या खोऱ्यातून गेला होता तिथेच, सोपवण्यात आला. मागे घेतलेल्या निबंधातल्या नावाला प्राणिनामांच्या नियमांत आधार उरलेला नाही. त्यामुळे या प्राण्याचे रीतसर नामकरण नव्याने व्हावे लागेल.