स्वमग्नतेचा टक्का वेगळा, आधाराची गरज वेगळी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) पोराच्या अपंगत्व प्रमाणपत्रावर ५० टक्के आहे, म्हणजे त्याला निम्माच आधार लागतो, असा अर्थ बऱ्याच घरांत काढतात. तो चुकीचा आहे.

टक्का 'इसा' या स्वमग्नता मोजायच्या भारतीय मोजपट्टीवरून ठरतो. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, अडचण जास्त तितके गुण जास्त. ७० गुणांना ४० टक्के, १५८ च्या पुढे १०० टक्के. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं आरक्षणही ४० टक्क्यांपासून सुरू होतं. तपासणीत आईवडील लाजेपोटी "तसं सगळं करतो" म्हणतात आणि गुण कमी भरतात. मागं कुणी उभं राहून सांगितलं तरच अंघोळ करतो, तर तसंच सांगा.

गरज मात्र हंगामागणिक हलते. बीडकडचं ऊसतोडीचं घर घ्या. गावात एकटा शाळेत जाणारा पोरगा दिवाळीनंतर कारखान्यावरच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) येतो. जागा नवी, रात्रभर ट्रॅक्टरचा आवाज, झोप नाही. शौचालाही सोबत लागते. टक्का तोच, आधार दुप्पट. गावी परतल्यावर गरज उतरते, पण आठ दिवसांत नाही. मे महिन्यात लाइट गेली, पंखा थांबला की तेच. काहींना तहान लागलेली कळत नाही किंवा सांगता येत नाही. पाणी तासाला हातात द्यावं.

वयात येताना गरज अनेकदा वाढते. पाळी, दाढी, नवी शाळा. काहींना याच वयात फिट सुरू होतात. येत असलेली गोष्ट अचानक सुटली तर तो हट्ट समजू नका. दात, कान, बद्धकोष्ठ, झोप आणि फिट आधी तपासून घ्या.

आधार आता नको, असं समजायची उलटी चूक जास्त महागात पडते. भिंतीवरच्या चित्रांच्या वेळापत्रकामुळं सकाळ सुरळीत जाते, "आता जमतंय" म्हणून ते काढतात आणि सगळं विस्कटतं. जमत होतं ते त्या आधारामुळंच. काढायचंच तर एका वेळी एकच आधार काढा, दोन आठवडे थांबा, घसरलं तर परत लावा.

यासाठी वही ठेवा. जेवण, अंघोळ, शौच, कपडे, झोप, रस्ता, पैसे, दुखलेलं सांगणं. प्रत्येकापुढं दर तीन महिन्यांनी लिहा: स्वतः, सांगून, हात धरून की पूर्ण आपण. शेजारी त्या वेळी घरात काय बदललं होतं तेही टाका. फेरतपासणीला जाताना ही वही सोबत न्या.